ऑक्सिजन परत येण्याआधी

"ओ मॅडम! आत नाही जायचं! थांबा!"

सुयोग माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. साकीनाक्याच्या आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मालाच्या लिफ्टसमोर मी उभी होते. एका हातात झेरॉक्सचा गठ्ठा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि एक पाय लिफ्टच्या आत. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि निळ्या शर्टातला एक मुलगा धापा टाकत वर आला. त्याने माझा दंड धरून मला मागे ओढलं. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन चटका बसल्यासारखा हात सोडला.

"सॉरी. पण... बोर्ड वाचा ना."

लिफ्टमध्ये कमरेइतका उंच ॲल्युमिनियमचा कॅन उभा होता. त्याच्या गळ्यात पुठ्ठा अडकवलेला – 'लिक्विड नायट्रोजन. माणसांनी जिन्याने यावे.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा कॅन लिफ्टमधून नेहमी एकटा जातो. खाली एक जण बटण दाबतो, वर दुसरा उतरवून घेतो. नायट्रोजनची वाफ होत राहते आणि बंद लिफ्टमधला ऑक्सिजन हळूहळू हुसकून लावते. आत माणूस असला तर त्याला काही कळायच्या आत तो खाली कोसळतो. हे मला पाठ होतं. तो पुठ्ठासुद्धा माझ्याच अक्षरात होता.

"चौथ्या मजल्यावर ती हार्टवाली लॅब आहे ना, तिकडचा माल आहे," तो म्हणाला. "तिथल्या लोकांना बरोबर माहीत असतं. तुम्ही कुठल्या ऑफिसच्या?"

खोटं बोलावं असं अगदी ओठांवर आलं होतं.

"तिथलीच," मी म्हटलं.

त्याने पुठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग असा हसला, असा हसला की मलाही हसू आवरेना. "मग वाट लागली सायन्सची!"

"नाव सांग तुझं. कंप्लेंट करते, स्टाफला हात लावला म्हणून."

"सुयोग परब. आणि कंप्लेंटमध्ये हेपण लिहा – जीव वाचवला म्हणून."

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी कॅन यायचा. आधी तो उतरवून घ्यायचं काम मी शिपायावर ढकलायचे. आता अकरा वाजले की मीच लिफ्टपाशी. आमच्या लॅबच्या प्रमुख वसुधा मॅडम चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "दर्शना, नायट्रोजनवर एवढं प्रेम मी वीस वर्षांत पाहिलं नाही."

एका शुक्रवारी त्याने विचारलं, "तुम्ही लोक इथे नक्की करता काय?"

"हार्ट अटॅक आणतो," मी म्हटलं. "बशीत."

मी त्याला मायक्रोस्कोपवर बसवलं. कोणा अनोळखी माणसाच्या रक्तातून घडवलेल्या हृदयाच्या पेशी आमच्याकडे नायट्रोजनमध्ये गोठून येतात. वितळवून, खाऊपिऊ घालून आठवडाभर सांभाळल्या की त्या धडधडायला लागतात. सुयोग बराच वेळ नळीला डोळा लावून बसला. त्याचा पाय त्या ठोक्यावर हलत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. मी पेशी सोडून त्याच्या पायाकडेच बघत होते.

"कोणाचं आहे गं हे?" तो 'मॅडम'वरून 'गं'वर कधी आला, दोघांनाही कळलं नाही.

"नाव नसतं. नंबर असतो फक्त."

"आणि याला तू अटॅक आणतेस? दगड आहेस का तू?"

मग मी त्याला समजावलं. रक्तवाहिनी तुंबली की पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. त्या उपाशी राहायला शिकतात, काम कमी करतात, कशाबशा तग धरतात. डॉक्टर येतो, वाहिनी मोकळी करतो, रक्त धावत आत येतं. सगळे म्हणतात, सुटलो! पण नेमक्या त्या पहिल्या काही मिनिटांत, ऑक्सिजन एकदम परत आल्यामुळे, तग धरून राहिलेल्यातल्या कितीतरी पेशी मरतात. आखडतात, मुठीसारख्या घट्ट मिटतात आणि परत उघडतच नाहीत. आम्ही शोधतोय ते औषध त्या मिनिटांसाठी आहे. आणि त्याची एकच अट आहे – ते ऑक्सिजनच्या आधी पेशीत पोचलं पाहिजे. नंतर कितीही ओता, फुकट.

सुयोगने मान वर केली. "म्हणजे उपाशी माणसाला एकदम ताट वाढायचं नाही. आधी पेज द्यायची."

मी बघतच राहिले. आमच्या लॅबच्या वेबसाइटवर यासाठी चार परिच्छेद खर्ची पडले होते.

"काय झालं?"

"काही नाही. चहा पिणार?"

"पेज असेल तर पिईन," तो म्हणाला आणि मायक्रोस्कोपकडे परत वळला. पण कान लाल झाले होते त्याचे.

तो मुलुंडला राहायचा, मी चारकोपला. साकीनाक्याहून मुलुंडला जाताना चारकोप वाटेत लागतं, हे तो मला अगदी गंभीर चेहऱ्याने पटवून द्यायचा. "लिंक रोडला ट्रॅफिक असतं ना," असं म्हणून मला बाइकवर बसवायचा आणि उलट्या दिशेला पंधरा किलोमीटर जायचा. जुलैत तर रोज भिजायचो. त्याच्याकडे एकच रेनकोट. तो म्हणायचा, तू घाल. मी म्हणायचे, चालवणाऱ्याने घालावा. शेवटी रेनकोट डिकीत कोरडा राहायचा आणि आम्ही दोघं ओलेचिंब. माझ्या कपाळावरून ओघळणारं पाणी त्याच्या पाठीवर पडायचं, आणि मी डोकं टेकवलंय असं त्याला वाटू नये म्हणून मी मान ताठ धरायचे. एका संध्याकाळी गोरेगावच्या सिग्नलला मी दमून टेकवलंच. सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. सुयोग हलेना.

"अरे, चल ना!"

"जरा थांब ना यार," तो म्हणाला. "लाल होईल परत."

त्याच संध्याकाळी, आमच्या सेक्टरच्या मैदानाच्या कट्ट्यावर, मी त्याला स्पष्ट सांगितलं. मला गुळमुळीत बोलता येत नाही. "सुयोग, आम्ही बौद्ध आहोत. जाधव म्हटलं की लोकांचा गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगते. बाबा जालन्याकडचे. तुझ्या घरी चालणार आहे का हे?"

"मला माहीत आहे."

"तुला नाही विचारलं. घरचं विचारलं."

तो ओल्या मातीत बुटाचं टोक रुतवत राहिला. "बाबा जुन्या वळणाचे आहेत. मिलमध्ये होते. आई... आई ऐकेल. गणपतीत सांगतो. गावी सगळे असतात, मूड चांगला असतो."

"नक्की?"

"तुझी शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घे."

तो हसला. पण स्वतःची शपथ घेतली नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

गणपतीला तो कणकवलीजवळच्या गावी गेला. पाचव्या दिवशी त्याचा मेसेज आला – बाबांना हार्ट अटॅक आलाय. नंतर बोलतो.

मी लगेच फोन केला. बंद. दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. मेसेज पाठवले, तुला काही विचारायचं असेल तर मला विचार, मी डॉक्टर नाही पण मॅडम ओळखीच्या डॉक्टरांना विचारतील. दोन निळ्या खुणा यायच्या. उत्तर यायचं नाही. नायट्रोजनचा कॅन आता गुणाजी नावाचे एक काका आणायला लागले. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "सुयोग ना? रजेवर आहे. बापाची तब्येत नाजूक आहे म्हणतात."

दिवाळी आली, गेली. माणूस काय काय शिकतो! मी मोबाइल उपडा ठेवायला शिकले. अकरा वाजता लिफ्टकडे न बघायला शिकले. बस पकडायला, हसायला, बाबांनी 'तो परब कुठे असतो आजकाल?' विचारलं की 'बिझी आहे' म्हणायला शिकले. जेवण कमी, झोप कमी, बोलणं कमी. मी माझ्या बशीतल्या पेशींसारखीच तग धरली होती, आणि हे मला दिसतही होतं. दिसून उपयोग काय? रोज संध्याकाळी बाथरूमचा नळ मोठा सोडून मी रडायचे.

डिसेंबरच्या एका मंगळवारी आमचा मोठा प्रयोग होता. सहा तास ऑक्सिजन तोडलेल्या बारा बश्या. घड्याळात पाच मिनिटं उरली की औषध घालायचं, मग ऑक्सिजन सोडायचा. मी हातमोजे घालून, औषधाची नळी भरून बसले होते. सात मिनिटं उरली होती.

"दर्शू."

मागे वळले. दारात सुयोग. वाळलेला, गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. हातात कॅनची पावती. मला त्याला ओरडायचं होतं. अकरा आठवडे मी रोज मनात वाक्यं जुळवत होते, आणि त्यातलं एकही तोंडातून बाहेर आलं नाही. मी उठले आणि सरळ त्याच्या छातीवर डोकं टेकवून हमसाहमशी रडायला लागले. तोही रडत होता.

"बाबांना हॉस्पिटलात न्यायला पाच तास लागले गं. वाचले. पण निम्मं हृदय गेलं म्हणतात. मी बघत होतो सगळं, आणि तूच आठवत होतीस, तू सांगितलेलं आठवत होतं..."

"एक फोन, सुयोग! एक!"

"तुझा आवाज ऐकला असता ना, तर तिथे राहिलोच नसतो."

आणि मग तो म्हणाला ते वाक्य, ज्यासाठी मी काहीही दिलं असतं. "आईला सांगितलंय तुझ्याबद्दल. ती तयार आहे. बाबांनापण तिनेच तयार केलं."

तेवढ्यात घड्याळ वाजलं. घड्याळाबरोबर ऑक्सिजनची झडप आपोआप उघडते. फुस्स असा आवाज आला. औषधाची नळी माझ्या हातात तशीच भरलेली होती. मी धावत जाऊन बाराच्या बारा बश्यांत औषध घातलं. वीस मिनिटांनी वसुधा मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. त्या कधी आवाज चढवत नाहीत.

"औषध नंतर घातलंस?"

"हो, मॅडम. तीन मिनिटं."

"तीन मिनिटं म्हणजे नंतरच." त्यांनी खुर्ची मागे सारली. "बघ तूच."

मी बघितलं. सगळ्या पेशी आखडून गोल झाल्या होत्या. एकही हलत नव्हती. महिनाभराचं काम गेलं. आणि मी काय केलं सांगू? मी हसले. मॅडमना वाटलं, ही वेडी झाली. पण मला बश्यांचं काही वाटतच नव्हतं. सुयोग परत आला होता.

त्याने घरी नेमकं काय सांगितलं हे मी विचारलं नाही. खरं सांगते, मला विचारायचंच नव्हतं. इतक्या दिवसांनी पोटभर मिळत होतं, त्यात खडा कोण शोधणार? दोन महिने मी हवेत होते. त्याची आई सुलक्षणाकाकू माझ्याशी फोनवर बोलायला लागली. "जेवलंस काय गो?" असं विचारायची. बांगड्याच्या कढीला तिरफळं किती घालायची ते सांगायची. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती आणि सुयोगचे बाबा, लवूकाका, आमच्या घरी यायचं ठरलं. बाबांनी घराला रंग काढायचं मनावर घेतलं, आईने 'आता वेळ कुठे आहे' म्हणून गप्प बसवलं. माझे बाबा, रतन जाधव, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीस वर्षं फिटर होते. त्या आठवड्यात त्यांनी घरातला प्रत्येक नळ दोनदा दुरुस्त केला.

बुधवारी सुयोगने मला मेट्रो स्टेशनखाली उसाच्या गुऱ्हाळावर बोलावलं. रसाचा ग्लास हातात तसाच. माशी बसली तरी हाकलेना.

"दर्शू, एक छोटी गोष्ट आहे. तुझ्या घरी हॉलमध्ये तो... मोठा फोटो आहे ना. बाबासाहेबांचा. आणि बाजूला बुद्धाची मूर्ती."

"आहे. मग?"

"रविवारी... दोन तास. फक्त दोन तास आतल्या खोलीत ठेवशील?"

मला आधी कळलंच नाही. मग एकेक करून सगळं कळत गेलं. काकूंचा तो मोकळा आवाज. 'जाधव म्हणजे घाटावरचे ना तुम्ही?' हा प्रश्न आणि त्यावर सुयोगने घाईघाईत बदललेला विषय.

"तू सांगितलंच नाहीस."

"सांगितलं नाही असं नाही. ती जाधव ऐकून जे समजली, ते मी... राहू दिलं. तिला आधी तू आवडायला हवी होतीस ना! आता तू आवडतेस तिला. लग्न झालं की मी हळूहळू सांगेन. बाबांचं हृदय बघ ना गं. तुला तर कळतं त्यातलं!"

"मला कळतं त्यातलं, म्हणूनच सांगते," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "नंतर सांगून काही उरत नाही, सुयोग. त्यांच्यातही नाही, आपल्यातही नाही. आधी सांग. आज सांग. चार दिवस आहेत. चिडू देत, रडू देत, नाही म्हणू देत. फोटो हलणार नाही."

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"तर निदान मला कळेल, कोण आलं नाही ते."

त्याने रसाचा ग्लास तसाच ठेवून दिला. मग म्हणाला, "सांगतो. आज सांगतो."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला. माझं प्रेम होतं त्याच्यावर, आणि दुसरीकडे ठेवायला माझ्याकडे विश्वास उरलाही नव्हता.

रविवारी सकाळी मी फुलं आणायला बाजारात गेले. आईने शेंगदाण्याचे लाडू केले होते, कालच वळून ठेवलेले. अकरा वाजता बेल वाजली. बाबांनी दार उघडलं आणि हात जोडले. "नमस्कार, या, या." आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, बाबा जय भीम म्हणतात. त्या दिवशी नमस्कार म्हणाले. मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष काकूंच्या चेहऱ्याकडे.

सुलक्षणाकाकू ठेंगणी, गोरी, डोक्यात अबोलीचा गजरा. हातात ओल्या नारळांची पिशवी. ती हसत आत आली. लवूकाका तिच्यामागे, तीन जिने चढून दमलेले, एक हात भिंतीला. काकूने मला जवळ घेतलं, हनुवटी धरली, आणि मग माझ्या खांद्यावरून तिची नजर भिंतीवर गेली.

तिचं हसू मावळलं नाही एकदम. थोडं राहिलं, मग गेलं. तिचा हात माझ्या हनुवटीवरून खाली आला. मी सुयोगकडे पाहिलं. तो चपला काढायला खाली वाकला होता आणि वर बघतच नव्हता. मला कळलं. त्याने सांगितलं नव्हतं.

"बसा ना," आई म्हणाली. तिने खुर्ची पुढे सरकवली.

सगळे बसले. चहा आला. कोणी कप उचलेना. चहावर साय धरायला लागली. लवूकाका फोटोकडे बघत होते. मग त्यांनी मुलाकडे मान वळवली.

"सुयोग. तुका ह्या म्हायत होता?"

काकांचा हात छातीच्या खिशाकडे गेला. मी पाहिलं, ते गोळ्यांची पुडी चाचपत होते, एवढंच. पण सुयोगने तो हात पाहिला, त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि तो म्हणाला,

"नाही, बाबा. मला माहीत नव्हतं."

 माझे बाबा खाली बघत होते. मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी ओरडेन, कप फोडेन. मी उठले, आतून पाण्याचा ग्लास आणला आणि लवूकाकांसमोर धरला. त्यांनी तो घेतला. गोळी घेतली. पाणी प्यायले. ग्लास रिकामा झाल्यावर मी म्हटलं,

"काका, मी त्याला जुलैतच सांगितलं होतं. आम्ही कोणापासून काही लपवलेलं नाही. आमच्या घरात कोणी खोटं बोललेलं नाही."

"म्हायत आसा माका," सुलक्षणाकाकू म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती पदराने डोळे पुसत होती. "माज्या झिलाचो, माज्या पोराचो चेहरो माका वाचता येता."

"आई, अगं ऐक ना–"

"गप रव तू." मग ती माझ्याकडे वळली, आणि मालवणी सोडून आमच्या भाषेत, सावकाश बोलली. "त्याने आधी सांगितलं असतं ना गो, तर मी रडले असते. भांडले असते. दोन दिवस जेवले नसते. पण कदाचित आले असते. खरं समजून आले असते." तिने लवूकाकांचा दंड धरला. "आता कशी येऊ? तुझ्याकडे बघितलं की मला दिसणार, माझा पोर मला काय समजतो. चल रे, बाबांका धर."

ते उठले. नारळांची पिशवी कोपऱ्यात राहिली. माझ्या बाबांनी ती उचलून काकूच्या हातात दिली. ती म्हणाली, "राहू द्या हो भाऊ, तुमच्यासाठीच आणलेत." मग दोघंही जरा ओशाळले. शेवटी पिशवी आमच्याकडेच राहिली.

मी खाली गेटपर्यंत गेले. सुयोगने दोघांना रिक्षात बसवलं आणि माझ्याकडे परत आला. ऊन चढलं होतं. गेटजवळच्या गुलमोहराखाली तो उभा राहिला, आणि त्याला जवळ घ्यावं असं मला अजूनही वाटत होतं. हे लपवण्यात अर्थ नाही. वाटत होतं.

"बाबांचा हात बघितलास ना तू? मी घाबरलो गं. तोंडातून निघून गेलं."

"बघितला. ते गोळ्या शोधत होते."

"मी सगळं नीट करतो. थोडा वेळ दे. त्यांना समजावतो, तुझ्या बाबांची माफी मागतो, पाया पडतो... दर्शू, तू म्हणशील ते करतो."

"सुयोग," मी म्हटलं, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. आत्ता, या क्षणीसुद्धा. पण माझ्या बाबांसमोर, माझ्याच घरात, तू मला खोटी ठरवलीस. उद्या आपल्या लेकरासमोर ठरवशील. भीती वाटली की तू हेच करशील, आणि तुला फार पटकन भीती वाटते रे."

"शेवटचं विचारतो... आपलं संपलं का?"

 मी मान हलवली. हो. तो रडायला लागला, रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी त्याच्या शर्टाची कॉलर, मागून दुमडली होती ती, सरळ केली. एवढंच केलं. मग म्हटलं, "जा. काकांना उन्हात बसवू नकोस."

रिक्षा सेक्टरच्या वळणावर गेली. मी रडले नाही. डोळे कोरडे ठणठणीत. मला माझंच नवल वाटलं.

वर आले. आई स्वयंपाकघरात कप धूत होती, फार जोरात. बाबा हॉलमध्ये, पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्चीवर, पाहुण्यासारखेच अंग चोरून बसले होते. मी त्यांच्या पायांशी खाली बसले.

"बाबा, सॉरी. तुम्हाला हे बघायला लागलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.  मग स्वयंपाकघराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "त्याचा फोन आला होता मला. काल. फोटोचं बोलला."

मी वर बघितलं.

"मी सकाळी काढला होता गं. तू बाजारात गेलीस, आई आंघोळीला. मी स्टुलावर चढलो आणि काढला." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "म्हटलं, दोन तासांचा प्रश्न आहे. पोरीचं लग्न होतंय. बाबासाहेब काय रागावणार आहेत? तेही बाप होते. पण त्याच्यामागे भिंत गोरीपान राहिलीय, बघ. चौकोन. बाकी सगळी भिंत काळवंडलेली. मला त्या चौकोनाकडे बघवेना. दहा मिनिटांनी परत लावला." त्यांनी पुन्हा स्वयंपाकघराकडे पाहिलं. "तेवढी दहा मिनिटं खाली होता. आईला सांगू नको. आणि... तसाच खाली ठेवला असता तर तुझं लग्न झालं असतं का गं, पोरी?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "नसतं झालं."

आणि मग, बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, मी रडले.